जाग

दर रविवारी सकाळी उधन्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये बँकेतल्या माधवीताई श्वासाचं ध्यान शिकवायच्या. बायको सुंदरा गेल्यापासून पंडितच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून लेकीनं त्याला हाताला धरून तिथं आणून बसवलं.

"डोळे मिटा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या," ताई म्हणाल्या. "लक्ष भरकटलं तरी बिघडत नाही. पुन्हा श्वासावर आणा."

सगळ्यांनी डोळे मिटले. पंडितचे मात्र टक्क उघडे. ताई हळूच त्याच्याजवळ येऊन बसल्या.

"जमत नाही का, काका?"

"दोन साल तेच तं केलं, ताई. बायकोला दमा होता. रातपाळी करून आलो का तिच्या बाजूला पडायचो, तिच्या श्वासाकडे कान देऊन. तीस साल कापडाचे लूम चालवले. कारखान्यातल्या त्या खडखडाटात डुलकी लागते, पण एक लूम थांबला का लगेच जाग येते मला. म्हटलं, हिचा श्वास अडला तरी येईलच."

पंडितनं डोळे मिटून बसलेल्यांकडे पाहिलं.

"ती गेली त्या दुपारी नाही आली जाग."

हॉलभर नुसते श्वास ऐकू येत होते. पंडित सवयीनं एकेक श्वास कानानं तपासत होता; एकही थांबला नव्हता. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काका, आता तुम्ही डोळे मिटा. मी जागी आहे."