पहिली हरकत

“पहिली हरकत तुझ्या वडिलांची आहे,” मोठे साहेब म्हणाले. “प्रकरण दुसऱ्या कुणाकडे देऊ का?”

“दिलंत तर बाबा त्याला उभा-आडवा सोलतील,” ती म्हणाली. “राहू दे माझ्याकडेच. आमचं नातं काय आहे ते परवानगी देणाऱ्या आयोगाला मी आधीच लिहून कळवलंय.”

साहेब हसले. जलविद्युत कंपनीच्या परवानगी विभागात तिला सगळे घोरपड म्हणत. एकदा चिकटली की सुटायची नाही. नदीत साधा खांब रोवायचा तरी वनखातं, पाटबंधारे, मत्स्यखातं अशी दारं पालथी घालावी लागतात. बाकीच्यांचे त्यात जोडे झिजतात, ही मात्र दारंच झिजवते, असं साहेब चारचौघांत सांगत. दरीतलं हे काम तर आजवरचं सगळ्यात मोठं. एवढं पार पडलं की विभागाची खुर्ची तिचीच, हे शिपायालाही ठाऊक होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती वडिलांकडे गेली. आई गेल्यापासून ते दरीच्या तोंडाशी, जुन्या कॉलनीतल्या घरात एकटेच राहत. सकाळ-संध्याकाळ चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचं आणि पाण्याकडे पाहायचं, हा त्यांचा नेम.

“उद्या लेक म्हणून मी तुला सोडणार नाही हं,” चहा ओतता ओतता ते म्हणाले.

“मी तरी कुठे तुम्हाला बाप म्हणून सोडणार आहे?”

“गाळाचं काय ठरवलंय तुम्ही लोकांनी?”

“ते उद्या.”

“पक्की आहेस.”

“लेक कुणाची?”

ते खदखदून हसले. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, “तुझी आई इथंच बसायची. हे सगळं जाणार, पोरी. ही दरी उद्या ओळखूसुद्धा येणार नाही.”

तिने कप उचलले आणि ते धुवायला आत गेली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. माइक मधूनच किंचाळत होता आणि पंखे फिरल्यासारखं करत होते. आयोगाच्या अध्यक्षीणबाई चष्मा नाकावर घेऊन प्रत्येकाचं शांतपणे ऐकत होत्या.

सुरुंगाने घरांना तडे जातील, असं एक गवंडी म्हणाला. तिने सांगितलं, कामाआधी घराघराची पाहणी होईल, भिंतींचे फोटो निघतील, नवा तडा दिसला तर दुरुस्ती कंपनी करेल. ट्रक शाळेसमोरून जाणार का, असं मुख्याध्यापिकेने विचारलं. शाळेच्या वेळात एकही जाणार नाही, तिने सांगितलं. एकदम पाणी आलं तर काय, अशी खालच्या गावाच्या सरपंचबाईंना धास्ती होती. पाणी टप्प्याटप्प्यानेच सुटेल, आधी भोंगा वाजेल आणि पावसाळ्यात काम बंद राहील. ती कागदात न पाहता बोलत होती. माणसं हळूहळू खाली बसत होती.

मग वडील उठले. इस्त्रीचा सदरा, ताठ मान.

“गाळ,” ते म्हणाले. “तुमच्या आराखड्यात लिहिलंय की तो प्रवाहाबरोबर वाहून जाईल. वाहून कुठे जाईल? खालच्या गावांच्या विहिरींत. मासे गुदमरतील ते वेगळंच. कंपनीच्या मॅडमना हे मान्य आहे का?”

‘मॅडम’ ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. ती हसली नाही. गाळाच्या त्या पानावरून आराखडा करणाऱ्यांशी ती स्वतः भांडली होती, आणि तिथे तिचं कुणी ऐकलं नव्हतं. कंपनीची बाजू सावरायला तिच्याकडे चार चांगली वाक्यं होती.

ती उठली.

“हरकत रास्त आहे. गाळ नदीत सोडायचा नाही, उपसून बाहेर न्यायचा, अशी अट आयोगाने घालावी. कंपनी ती पाळेल.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. एका वाक्यात कामाचा एक अख्खा हंगाम वाढला होता. पण सभागृहातली कुजबुज थांबली. सरपंचबाईंनी शेजारणीकडे पाहून मान हलवली.

“आणखी काही?” अध्यक्षीणबाईंनी वडिलांना विचारलं.

वडिलांनी हातातल्या कागदाची घडी करून खिशात ठेवली.

“एकच. हे होऊच नये असं मला वाटतं. पण त्याला कुठलं कलम सापडत नाही.”

ते बसले. बाहेर पडताना साहेब तिला म्हणाले, “आज तू मला बुडवलंस.” ती म्हणाली, “तारलंय, साहेब. गावं कोर्टात गेली असती तर पाच वर्षं लटकलो असतो.”

तिचं खरं ठरलं. कुणी कोर्टात गेलं नाही, आणि परवानगी आली ती अटींची लांबलचक शेपटी घेऊनच. तिने आधी वडिलांना फोन केला.

“गाळाची अट नीट लिहिलीय ना?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याच शब्दांत.”

“मग ठीक. मुख्य कामाच्या पहिल्या दिवशी मी आलो तर चालेल?”

“हेल्मेट घालावं लागेल.”

“आण.”

गाळ उपसून झाल्यावर, पावसाळा सरताच मुख्य काम निघालं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या इंजिनिअरने टेबलावर नकाशा पसरला होता. वडील हेल्मेट सारखं करत पुढे झाले.

“आजोबा, जरा पलीकडे बसता का?” इंजिनिअर म्हणाला. “कुठून सुरुवात करायची ते ठरतंय.”

तिने त्याला हातानेच थांबवलं. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, नकाशावर वाकले आणि एका जागी बोट टेकवलं.

“धरण डावीकडून पाडायला घ्या,” ते म्हणाले. “तिकडचं काँक्रीट मी सगळ्यात शेवटी ओतलं होतं.”