आमच्याच झाडांचं तेल

वजन उतरल्याशिवाय डोंगरावरच्या ऑलिव्हच्या बागेत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला बजावलं. कुठल्या जेवणानं जास्त उतरतं तेही त्यांना बघायचं होतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला आलं ईस्टरआधीच्या कडक उपासाचं जेवण. मांस, मासे, अंडी, चीज बंद, वर तेलही बंद. माझ्या नवऱ्याला, स्ट्रातिसला, आलं आपलं क्रीट बेटावरचं नेहमीचंच जेवण, मासे, भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्हचं तेल. "आर्गिरो, तुला आता संतीण म्हणून चर्चच्या भिंतीवर रंगवणार बघ," असं म्हणत तो स्वतःच्या उकडलेल्या पालेभाजीवर तेलाची बाटली उपडी करायचा. उन्हाळा सरल्यावर काट्यावर उभे राहिलो. माझं वजन चांगलं उतरलं होतं, त्याचं जिथल्या तिथं. "काका, तेल किती घेता?" बाईंनी विचारलं. "चमचाभर." मी मध्येच विचारलं, "आणि बाटलीतलं?" "ते काय विकतचं आहे? आमच्याच झाडांचं. ते कोण मोजतं?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता उलटं करू. तेल मावशींना, उपास तुम्हाला." त्या संध्याकाळी त्यानं कोरडी भाजी कशीबशी चघळून संपवली. मग उठला आणि बाटली माझ्यापुढे आणून ठेवली. तिच्या गळ्यात त्यानं सुतळीनं एक चमचा बांधला होता. "एवढंच घ्यायचं," तो म्हणाला. "यंदा ऑलिव्ह झोडायला मला वर एकट्याला जायचं नाहीये."