सहीचा कोपरा

जपानमधल्या सेंदाईच्या त्या प्रयोगशाळेत वाळलेली झाडं ओळखण्यात सिंधूची बारा वर्षं गेली, आणि कौतुक मात्र कालपरवा आलेल्या चैत्रालीचं! कच्छच्या रणातलं एक इवलंसं फूल, पाऊस पडला की उगवणार आणि महिन्याभरात संपणार. त्याच्या नमुन्यावरचं नाव साफ चुकलंय, हे म्हणे तिने आठवड्यात ओळखलं. सेन्सेई, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक, सगळ्यांसमोर तिला शाबासकी देत होते आणि सिंधूच्या पोटात दुखत होतं.

"कुठल्या गाढवाने लावलं होतं गं ते नाव?" सिंधूने तिला हसत मराठीत विचारलं.

"कळत नाही, ताई. भूकंपात कपाट पडलं ना, तेव्हा चिठ्ठीवरचा सहीचा कोपरा फाटला."

सगळे जेवायला गेल्यावर सिंधूने तो नमुना काढला. नाव चुकलं तरी जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत, नवी तिच्याशेजारी चिकटवतात. चैत्रालीच्या नव्या चिठ्ठीशेजारी जुनी होती, चारही कोपरे शाबूत. भूकंपाच्या आदल्या वर्षीची तारीख, आणि खाली सिंधूचीच सही.

मघापर्यंत तिला चैत्रालीच्या फक्त हुशारीचा हेवा वाटत होता.