रुमालाखालचा भाव

खिलार बैलांच्या बाजारात भाव हल्ली व्यापाऱ्यांची यंत्रंच ठरवायची, आणि ती आपसांत बोलून एकच भाव लावत असल्याचं उघड झालं होतं.

"यंत्रांनी केलं तरी ते संगनमतच," असं बजावत चौकशीला आलेल्या सानप मॅडमनी ओळीनं व्यापाऱ्यांचे परवाने जप्त केले, आणि त्या कोंडाबाई लवटेंच्या दावणीपाशी आल्या.

कोंडाबाईंचंही यंत्र बाकीच्यांच्याच कंपनीचं होतं. शेजारी बसवून धंदा त्यांनीच शिकवला होता त्याला, पण माघारी ते कुणाशी काय बोलतं, हे त्यांना कुठं ठाऊक?

"दुसऱ्या यंत्रांनी तुला भाव विचारला होता?" मॅडमनी कोंडाबाईंचा परवाना हातात घेत यंत्रालाच विचारलं.

"रोज विचारतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"आमच्या बाई गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. मी त्या यंत्रांना म्हटलं, बैल घ्यायचाय का? नाही ना? मग रुमालाखाली हात कशाला घालता?"

मॅडमनी परवाना परत दिला.

कोंडाबाईंनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या हाताखाली शिकलंय ते!"