चौथी पास बकरी

सांगून कुणाला पटणार न्हाय, पण येडशीच्या शाळेत माझी बकरी चौथी पास झाली. निजामाचं राज्य बुडवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनची धास्ती अजून ताजी होती. मास्तर वस्तीवर येऊन म्हणाले, “नव्या घटनेत लिहिलंय, पोरींनासुद्धा फुकट शिकवायचं.” दुकानदार खाजामियाँ पुटपुटले, “फुकट देतात आन् वर नावं लिहून घेतात. उद्या पोरीच उचलून नेतील.” वस्तीनं ठरवलं, पोरगी धाडायची न्हाय. मग जो तो दुसऱ्याच्या दारावर नजर ठेवून बसला. म्हणून म्या लेकीला बकऱ्यांमागं डोंगरात धाडलं आणि मास्तरांची हजेरी भरावी म्हणून तिची लाल ओढणी गुंडाळून एक बकरी शाळेत बसवली. हजेरीला ती झकास ओरडायची. लेक चुलीपुढून म्हणाली, “शाळेत मी होते, अब्बा. वस्तीला लांबून पोरगी दिसावी म्हणून ओढणी पांघरून डोंगरात तुम्ही फिरलात. बकरी बिडी ओढत न्हाय, आन् त्या ओढणीला बिडीचं भोक हाय.”