ईशासाठी गाऱ्हाणं

गंगाराम हातात नारळ घेऊन देवळासमोर उभा राहिला, तशी वाडी गप्प झाली. पुरुष पुढे, बायका मागे. सगळ्यांच्या मागे मृणाली. ती दवाखान्यातूनच आली होती आणि देवाचा अंगारा घेऊन लगेच परत जाणार होती. परवाच्या पावसात तिची सहा वर्षांची ईशा वाडीच्या उघड्या गटारात पडली. पाण्याने तिला खालच्या मोरीपर्यंत ओढत नेलं. पोरीने अजून डोळे उघडले नव्हते.

"आबा, आज आवाज चढवून घाला गाऱ्हाणं," गुरुप्रसाद म्हणाला. तो वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. "नगरपालिकेचं नाव घ्या. तिथली माणसं ऐकत नाहीत, देव तरी ऐकेल."

"पोलिसांचं पण घ्या," मागून कोणी तरी म्हणालं. "हेल्मेट नसलं की झाडामागून बाहेर येतात. हाक मारली तर मात्र जेवून, वामकुक्षी करून येणार."

दोघेतिघे हसले. मृणालीकडे नजर गेली तेव्हा गप्प झाले.

नगरपालिकेबद्दल गंगारामचं मतही काही गोड नव्हतं. नळाला दिवसाआड पाणी, खांबांवरचे निम्मे दिवे आंधळे. "पट्टी घेताना आपण शहरात," तो कोणाच्याही ओटीवर बसून सांगायचा, "आणि काम सांगायला गेलं, की म्हणतात, तुमची वाडी हद्दीत येते का ते आधी बघायला हवं." माणसं हसायची, कारण ते खरंच होतं.

काल हवालदार जबाब घ्यायला आला. त्याने घरोघरी एकच विचारलं, गटारावर ढापा होता का? घरोघरी एकच उत्तर मिळालं, कधीच नव्हता. गंगारामच्या दारात येईतो अंधारून आलं होतं. "आबा, तुमचा उद्या घेतो," म्हणून तो गेला. गंगारामला रात्रभर झोप लागली नाही.

आता त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा महाराजा, आज जी काय तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमलीत..."

"व्हय महाराजा!" पुरुषांनी होकार दिला.

"घरपट्टी भरतात, पाणीपट्टी भरतात, तरी नळाला पाणी नाय, वाटेला उजेड नाय..."

"व्हय महाराजा!"

"नाक्यावर चौकी आहे, पण अडीनडीला पोलीस नाय..."

"व्हय महाराजा!" आता होकार देवळाच्या पत्र्यावर आपटून मागे येत होता. गुरुप्रसादचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"अशात आमची एक पोर गटारात गेली. तिच्या जिवासाठी गाऱ्हाणं घालतोय, महाराजा. ज्या कोणी ते गटार उघडं ठेवलं, त्याला..."

गंगाराम थांबला. पुढचे शब्द त्याच्या जिभेवर होते. 'त्याला तुझ्या दारात उभा कर.' गाऱ्हाण्यात ते नेहमीच येतात. त्याने डोळे उघडले. समोर गुरुप्रसाद होता, त्याच्या मागे बाकीची वाडी. सगळे देवाच्या दारातच उभे होते.

यंदा शिमग्याला पालखी यायच्या आदल्या दिवशी देवळाची खालची पायरी खचली होती. मंडळाच्या मुलांनी मृणालीच्या घराकडच्या वळणावरचा सिमेंटचा ढापा उचलून आणला आणि पायरीच्या जागी बसवला. नगरपालिकेचा आहे, असं कोणी तरी म्हणालं. "नगरपालिकेचा कसला? आपल्याच पट्टीतला," असं गुरुप्रसादने उत्तर दिलं, आणि ते सगळ्यांना पटलं. गंगारामने त्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं होतं.

त्याच्या वडिलांनी त्याला गाऱ्हाणं शिकवलं, तेव्हा आधी शब्द शिकवले नव्हते. आधी एवढंच सांगितलं होतं, की गाऱ्हाण्यात एक बोल जरी खोटा गेला, तरी ते देवापर्यंत पोचत नाही. ज्याच्यासाठी घातलं, त्याच्यावरच उलटतं.

"आबा, पुढे म्हणा ना," गुरुप्रसाद पुटपुटला.

"महाराजा," गंगाराम म्हणाला, "त्या गटारावर ढापा होता."

कोणी होकार दिला नाही.

"नगरपालिकेने घातला होता. आम्ही काढला. तुझ्या पायरीला लावला."

गुरुप्रसाद एकदम पुढे सरकला. "आबा, हवालदार नाक्यावरच बसलाय! साऱ्या वाडीला अडकवाल. उद्यापासून नगरपालिका आपल्याला दारात तरी उभं करेल काय?"

"गुरू, मी हवालदाराशी बोलत नाहीये."

"पण ऐकू तर त्यालाही जातंय ना!"

"जाऊ दे. पोरीचं गाऱ्हाणं आहे. ह्यात मी खोटं मिसळणार नाय."

कोणी खाली बघत होतं, कोणी समुद्राकडे. गंगारामने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ह्यांतल्या कितीतरी जणांना त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ईशालाही. त्यांच्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. ते अर्ध्यावर राहिलं, तर ना नारळ फुटायचा, ना अंगारा मिळायचा.

त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले, सावकाश, पोरांना धडा सांगावा तसे. "आम्ही काढला, महाराजा."

होकार पुरुषांनी द्यायचा, अशी वाडीची रीत. आवाज आला तो मागून, बायकांतून.

"व्हय महाराजा."

मृणालीचा आवाज जागरणाने बसला होता. ती कोणाकडेच बघत नव्हती. तिने फक्त हात जोडले होते. बायका बाजूला सरकल्या, तशी पुरुषांमधूनही देवळापर्यंत एक वाट मोकळी झाली. ती मात्र जागची हलली नाही.

एकट्याच्या होकाराने गाऱ्हाणं पुरं होत नाही. गंगाराम दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.