पातेल्याचं झाकण

"केसांवर भांडीऽऽ!" दारात हाळी आली, तशी सासूबाईंनी कोनाड्यातली पिशवी काढली. थायरॉइड झाल्यापासून शालनच्या कंगव्यात आलेला केसांचा प्रत्येक गुंता त्यांनी त्या पिशवीत जपून ठेवला होता.

भांडीवालीने पिशवी हातात तोलली. "औंदा लई जमलं की वो!" म्हणत तिने चकचकीत पातेलं पुढे ठेवलं. शालनने विरळ टाळूवर पदर ओढून घेतला.

"आत्याबाई, गोळ्या संपल्यापासून केस फारच गळतायत," ती सासूबाईंना हळूच म्हणाली. "तालुक्याला जाऊन आणू का?"

सासूबाई पातेलं फिरवून बघत होत्या. "याचं झाकण गं?" त्यांनी भांडीवालीला विचारलं.

"त्याला आणिक केस लागतील, आजी."

सासूबाईंनी रिकामी पिशवी झटकली, घडी घालून पुन्हा कोनाड्यात ठेवली.

"गोळ्यांचं दिवाळीनंतर बघू," त्या शालनला म्हणाल्या.